शून्य ते दहा

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता
मी बाबांच्या पिकअपमध्ये जाऊन बसतो.
आमच्या घराच्या भिंती पत्र्याच्या,
त्यांना कान आहेत.
आईला वाटतं, पोरगा गाडीत बसून
चेतासंस्था पाठ करतोय.
एका अर्थी ते खोटंही नाही.

फोन स्टिअरिंगला टेकवतो. हीटर लावतो.
पुन्ता अरेनासचा वारा गाडीला झोके देतो,
मूल नकोसं झालेल्या माणसाने
पाळणा हलवावा तसे.

पडद्यावर आधी तो प्रश्न येतो:
गेल्या आठवड्यात मनावर किती ताण होता?
शून्य ते दहा.
मी तीन लिहितो.
दर मंगळवारी तीन.
तीन हा सभ्य आकडा आहे. तीनवाल्याला
कुणी डीनकडे पाठवत नाही,
त्याच्या आईला फोन जात नाही.

मग नेलिदा दिसते,
हजारावर किलोमीटर लांब, चिलोए बेटावर.
तिच्या मागे शेगडीवर लोकरीचे मोजे वाळत घातलेले.
म्हणते, येर्को, श्वासाकडे बघ.
बदलू नकोस. नुसता बघ.

श्वास?
बाई, तेच तर मोजायला शिकतोय मी.
चौदा नंबरच्या खाटेवरच्या दोन्या इर्माचे
मिनिटाला अठ्ठावीस मोजले, मग बावीस,
मग नऊ,
मग नुसता घड्याळाकडे बघत राहिलो,
कारण काटा तरी चालू होता.
डॉक्टर म्हणाले, वेळ लिही.
लिहिली. चार वाजून दहा.
ती गेली होती चार वाजून सात मिनिटांनी.
तीन मिनिटं मी तिला जास्त जगवलं,
कुणालाही न विचारता.

हे नेलिदाला सांगितलेलं नाही.
तिला मी झोपेचं सांगतो, कॉफीचं,
बायोकेमिस्ट्री राहिल्याचं.
ती म्हणते, एक मनुका घे, जिभेवर ठेव, घाई नको.
माझ्याकडे मनुका नाहीत. डॅशबोर्डवर
बाबांची खोकल्याची गोळी आहे.
तीच चघळतो, मन लावून, पाच मिनिटं.
डोळ्यांत पाणी येतं ते मेंथॉलचं.

त्या दिवशी वाऱ्याने लाईन तोडली.
ती 'आता' म्हणत होती, 'आ'वरच थांबली.
तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले.
मला ते तोंड माहीत होतं.
हात आपोआप घड्याळाकडे गेला.
सात एकवीस.
आणि व्हेगस नर्व्हच्या साऱ्या फांद्या तोंडपाठ असलेल्या मला
कळेना, हुंदका नेमका कुठून निघतो.
डोकं स्टिअरिंगवर टेकलं. हॉर्न वाजला,
वाजतच राहिला.
शेजारची दानित्साबाई दारात आली.
तिने बघितलं. हाक मारली नाही.
वाऱ्याने गडगडत चाललेला कचऱ्याचा डबा धरला
आणि तो धरूनच उभी राहिली
हॉर्न थांबेपर्यंत.

फोन थरथरला.
'लाईन गेली होती. आहेस का?'
आहे, असं लिहिलं.
पाठवायच्या आधी बराच वेळ तो शब्द बघत बसलो.

वादळाच्या दिवसांत आमच्या चौकात दोर बांधतात,
धरून चालायला.
मी तो कधीच धरला नव्हता.
दोर पाहुण्यांसाठी, म्हाताऱ्यांसाठी;
इथे जन्मलेल्याला वाऱ्यावर सोडलं तरी चालतं,
असा आमचा तोरा.
बुधवारी हॉस्पिटलला जाताना धरला.
हातमोज्यातूनही पीळ लागत होता.
पुढे एक शाळकरी मुलगी, मागे पाव घेऊन चाललेला माणूस,
कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

पुढचा मंगळवार. पिकअप. हीटर. तोच प्रश्न.
अंगठा सवयीने तीनवर गेला.
खोडलं. सात लिहिलं.
नेलिदा आली. शेगडीवरचे मोजे
कुणीतरी काढून नेले होते.
तिने आकडा पाहिला, काही म्हणाली नाही,
खुर्ची जरा पुढे ओढली.

'चार वाजून सात,' मी म्हणालो.